धूळपाटीपासून दशमानापर्यंत : प्राथमिक शाळेतील गणिताची कथा



इसवी सन १६२३ मधील गोष्ट आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक चौकस इटालियन प्रवासी गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज वकिलाच्या समवेत इक्केरीच्या वेंकटप्प नायकाच्या दरबाराकडे चालला होता. होन्नावरच्या बाजूने घाट चढून गेल्यावर एका मुक्कामी सामानाची बांधाबांध होईपर्यंत त्याला थांबावे लागले. तो देवळाच्या ओसरीत जाऊन बसला. तेथे चार लहान मुले गणित शिकत होती. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एकाने ठरावीक सुरात धड्याचा एक चरण म्हणावा आणि म्हणता म्हणता बोटाने तो आकडा वाळूत काढावा. मग उरलेल्या तिघांनी त्याच सुरात तोच चरण म्हणून तोच आकडा काढावा, असा क्रम चालला होता. जमीन आकड्यांनी भरली की हाताने पुसावयाची, शेजारच्या ढिगातली वाळू पुन्हा पसरावयाची आणि पुढचा चरण धरावयाचा. गुरुजी जवळपास नव्हते. प्रवाशाने विचारले, ‘तुमची चूक झाली तर ती दुरुस्त कोण करतो?’ मुलांनी सांगितले की, चौघेही एकाच वेळी एकाच ठिकाणी चुकतील असे घडत नाही. एक चुकला तर बाकीचे त्याला सावरतात. हे उत्तर त्या प्रवाशाला पटले आणि त्याने ते आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदवून ठेवले.

चारशे वर्षांपूर्वीचे हे चित्र कानडी मुलखातले आहे. परंतु गोव्यापासून बेळगावपर्यंत आणि पुण्यापासून बडोदे-इंदूरपर्यंत मराठी माणूस जेथे जेथे वस्ती करून राहिला, तेथील जुन्या पंतोजींच्या शाळेला ते जसेच्या तसे लागू पडते. सूर, वाळू किंवा धूळ, आणि एकाने सांगून इतरांनी म्हणणे, या तीन गोष्टींवर आपल्याकडील मुलांचे गणित पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. त्या गणितातून आपण काय मिळवले, काय टाकले, आणि टाकताना चुकून काय हातचे गेले, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

पंतोजींची शाळा म्हणजे बहुधा एखाद्या देवळाचा सभामंडप नाही तर एखाद्या गृहस्थाची ओसरी. बाके नाहीत, छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही. लाकडी पाटीवर धूळ पसरावयाची आणि तीवर काडीने गिरवावयाचे. त्यावरूनच पहिल्या अक्षरांना धुळाक्षरे हे नाव पडले. अक्षरओळख होते न होते तोच आकडे येत, आणि आकड्यांमागून पाढे. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ असे चढत चढत मूल तिसाच्या पाढ्यापर्यंत पोचे. या शब्दांकडे जरा कान देऊन पाहावे. ‘दुणे’ म्हणजे द्विगुण. ‘त्रिक’ म्हणजे तिघांचा गट. ‘चोक’ म्हणजे चतुष्क. संस्कृत-प्राकृतातून झिजत आलेली ही नाणी आहेत, आणि त्यांच्या झिजण्यातच त्यांची सोय आहे. तोंडात लवकर बसावा आणि तालात मोडू नये, इतका प्रत्येक शब्द आखूड झालेला आहे.

पण पंतोजींचा अभ्यासक्रम तिसाच्या पाढ्यावर संपत नसे. त्यापुढे अपूर्णांकांचे पाढे येत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा. सवायकी सव्वाचा, दिडकी दीडाचा, अडीचकी अडीचाचा, आणि औटकी साडेतीनाचा. ‘औट घटकेचे राज्य’ असे आपण आजही म्हणतो. त्यातील ‘औट’ तो हाच. सात-आठ वर्षांच्या मुलाकडून अपूर्णांकांचे पाढे घोकून घेणे हा आजच्या पालकाला निव्वळ छळ वाटेल. मात्र त्या काळचा बाजार डोळ्यांसमोर आणला म्हणजे त्यातील शहाणपण ध्यानात येते.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. म्हणजे पाव रुपया चार आणे, पाऊण रुपया बारा आणे. सव्वा रुपया शेर भावाने सात शेर तूप घेतले तर किती झाले? सवायकी आलेला मुलगा तात्काळ म्हणे, सात सव्वे पावणेनऊ. अर्थात आठ रुपये बारा आणे. कागद नाही, पेन्सिल नाही, गुणाकार नाही, भागाकारही नाही. रुपयाला एक मण धान्य मिळत असेल तर एका आण्याला किती मिळेल? चाळीस शेरांचे सोळा भाग केले की अडीच शेर येतात. म्हणून सात आण्यांचे धान्य हवे असेल तर अडीचकीत सातावर बोट ठेवावयाचे : साडेसतरा शेर. व्याजाचेही तसेच. जुन्या व्यवहारात व्याज बहुधा दरमहा दर शेकडा असे सांगत. दीड रुपया दराने सातशेंचे एका महिन्याचे व्याज म्हणजे दिडकीतील सातवे घर, साडेदहा रुपये. ज्या घरात हे पाढे ऐकू येत, तेथील मुलाला दुकानात पाठविणे म्हणजे हिशेबनीस पाठविण्यासारखे होते. ‘शेरास सव्वाशेर’, ‘सोळा आणे खरे’, ‘दिडदमडीचा’ हे आपले वाक्प्रचार म्हणजे त्या बाजाराने भाषेत ठेवलेल्या ठेवी होत.

हैदराबादकर श्रोत्यांना यात आणखी एक वळण आठवेल. निजामाच्या राज्यात हाली शिक्का हे वेगळे चलन होते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा दोहोंचा परस्पर हिशेब असे. शंभर कलदार रुपयांचे हाली किती, तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. पुण्या-मुंबईकडे पैसे धाडणाऱ्या किंवा तिकडून मागवणाऱ्या घरांना हे गणित वारंवार करावे लागे. आमच्या सरहद्दीवरील माणसाला गणित दुहेरी शिकावे लागे, तशीच भाषाही.

येथपर्यंत ऐकून कोणासही वाटावे की, ते दिवस गणिताचे सुवर्णयुगच असले पाहिजेत. तसे मानणे हा भाबडेपणा होईल. या किल्ल्या होत्या हे खरे. परंतु त्या किती जणांच्या हाती होत्या? एल्फिन्स्टनसाहेबांनी १८२४ मध्ये मुंबई इलाख्यातील देशी शाळांची चौकशी सुरू केली. त्या चौकशीतून पुढे जे आकडे हाती आले त्यांप्रमाणे साडेसेहेचाळीस लाखांहून अधिक वस्तीत सुमारे सतराशे शाळा आणि पस्तीस हजार विद्यार्थी होते. म्हणजे सव्वाशेहून अधिक माणसांमागे एक विद्यार्थी. मुलींना त्या ओसरीवर जवळजवळ जागाच नव्हती आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर पायरीही चढता येत नव्हती. ज्याच्या घरी कुळकर्ण किंवा दुकान, त्याच्या मुलाला पाढे. ज्याच्या घरी नांगर, त्याच्या मुलाला बैल, अशी ती वाटणी होती.

या वाटणीचे मोल कोणी दिले? ज्याला दिडकी येते तो कर्ज देतो, आणि ज्याला येत नाही तो खतावर अंगठा उठवतो. दरमहा शेकडा दोन रुपये हा दर ऐकायला हलका वाटतो; सरळ व्याजानेदेखील पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षे दोन महिन्यांत, मुद्दल दुप्पट होते हे ज्याला मनात करता येत नाही, त्याची जमीन केव्हा गेली हे त्यालाच कळत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. त्यांचा मुख्य रोख खते व कर्जरोखे यांवर होता; ते हिसकावून घेऊन त्यांनी जाळले. त्या दंग्यांची कारणे अनेक होती : कापसाचे उतरलेले भाव, सरकारी साऱ्याचा बोजा आणि न्यायालयांची सावकाराला अनुकूल चाल. पण जो कागद वाचता येत नाही आणि ज्यावरचा आकडा पडताळता येत नाही, तो जाळण्यावाचून माणसापाशी उपाय उरत नाही, हेही त्या ज्वाळांनी सांगितलेच.

जोतीराव फुले यांनी हे अचूक ओळखले होते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या पुरुषाने १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात बहुजनांच्या प्राथमिक शाळेसाठी अभ्यासक्रमच मांडला होता. वाचन, मोडी व बाळबोध लेखन आणि त्यांच्या जोडीला हिशेब; मग इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे थोडे धडे. मोडी आणि हिशेब यांना त्यांनी आरंभीच स्थान दिले, यामागील कारण उघड आहे. सावकाराची वही मोडीत असे आणि तिच्यातील बेरीज दिडकीत. जी वही आपल्याविरुद्ध वापरली जाते ती आपल्याला वाचता आली पाहिजे, एवढीच ती मागणी होती. आणि ती किती मोठी होती हे आज आपल्याला कळते.

या मागणीला राज्यकर्त्याच्या आसनावरून पहिले ठोस उत्तर बडोद्याने दिले. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी असेच विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. गोखले हे स्वतः गणिताचे अध्यापक होते आणि त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले, ही गोष्ट त्यांच्या राजकीय कीर्तीखाली झाकून गेली आहे. देशाच्या अंदाजपत्रकावर बोलताना आकड्यांनी सरकारला निरुत्तर करणारा हा माणूस प्रत्येक मुलाच्या हाती आकडे द्यावेत म्हणून झगडला, यात मला एक आंतरिक संगती दिसते.

आता थोडे मागे जाऊन शिकवण्याच्या रीतीकडे वळू. कारण तिचा प्रवास मोठा मौजेचा आहे. १७८९ मध्ये मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमाचा कारभार डॉक्टर अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे आला. तिकडच्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात आणण्याचे ठरवले. शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्याने मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केले. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाचा वृत्तांत छापला, आणि ती ‘मद्रास-पद्धती’ इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळांतून पसरली. पुढे १८२० नंतर मुंबई इलाख्यात नव्या शाळा उघडू लागल्या, तेव्हा तेथील मंडळींनी ज्या मॉनिटर-पद्धतीचा पुरस्कार केला, ती विलायतेचा शिक्का घेऊन परत आलेली आमचीच ओसरी होती. देल्ला वाल्लेच्या त्या चार मुलांना हे कळते तर ती खदखदून हसली असती.

परंतु परत येताना तिच्याबरोबर एक नवी वस्तू आली : छापील पुस्तक. १८२२ मध्ये मुंबईत शाळापुस्तके सिद्ध करण्यासाठी मंडळी स्थापन झाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करातील इंजिनिअर होते. मराठीत गणिताची छापील पुस्तके आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. या पुस्तकांनी मुलांना त्रैराशिक, व्यवहारी अपूर्णांक, दशांश अपूर्णांक यांची नियमबद्ध ओळख करून दिली. पंतोजी उत्तर सांगत. पुस्तक रीत सांगू लागले. ही प्रगती निःसंशय होती. जुन्या शाळेचा मोठा दोष हाच की, सात सव्वे पावणेनऊ का, असे विचारण्याची तेथे सोय नव्हती. विचारणाऱ्याच्या वाट्याला बहुधा छडी येई. मात्र नव्या शाळेतही ‘का’ला फारशी जागा मिळाली असे नाही. पूर्वी मुले पाढा घोकत, आता रीत घोकू लागली. शिवाय पाढ्याला निदान बाजार ठाऊक होता. रीतीला परीक्षेवाचून दुसरा बाजार नव्हता.

‘का’ या प्रश्नाला लहान मुलाच्या हातात उत्तर देण्याचे काम विसाव्या शतकात झाले. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे जे काम केले, त्याच्या पाठीमागे माँटेसोरीबाईंचे विचार होते. हातांनी उचलल्याशिवाय, मांडल्याशिवाय, मोजल्याशिवाय संख्या मुलाची होत नाही, हे त्यांचे सूत्र. परंतु माँटेसोरीची साधने महाग. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि तेथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये त्या व अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. दहा बियांची एक रास, अशा दहा राशी म्हणजे शंभर. एवढे ज्याच्या बोटांनी अनुभवले त्याला ‘हातचा एक’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दहा सुट्ट्या बियांऐवजी एक रास पुढच्या घरात गेली, एवढाच त्याचा अर्थ.

हे चालू असतानाच आमच्या गणिताच्या पायाखालचा बाजार बदलला. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचे एक असे सरळ उतरता येते. शंभराचे निम्मे पन्नास, मग पंचवीस, मग साडेबारा, मग सव्वासहा. म्हणजे एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा. पाव पैशाचे नाणे तर नव्हते. म्हणून संक्रमणकाळातील कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे धरले गेले. एकेक आण्याची वस्तू तीनदा घेतली तर अठरा पैसे, एकदम घेतली तर एकोणीस! त्या दिवसांत दुकानांच्या फळ्यांवर किती वाद झाले असतील याची कल्पना यावरून करावी. १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाल्यावर तेथेही हेच चलन आणि हीच मापे सुरू झाली. ‘नवा’ हे विशेषण १९६४ च्या जूनमध्ये गळून पडले. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी तर ३० जून २०११ रोजी चलनातूनच गेली.

दशमान पद्धतीने मुलांवरील केवढे ओझे उतरवले हे मान्य केलेच पाहिजे. रुपये-आणे-पैची बेरीज, मण-शेर-छटाकांचा गुणाकार यांत जाणारे शाळेतील असंख्य तास मोकळे झाले. जी रीत संख्येला, तीच पैशाला, तीच वजनाला. पण त्याबरोबर पावकी-निमकीचे कारण संपले आणि कारण संपताच पाढेही गेले. शाळेने ते गाळले, घरानेही सोडले. संध्याकाळी दिवेलागणीला देवापुढे बसून शुभंकरोतीमागोमाग परवचा म्हणण्याची जी चाल इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांतून आणि बडोद्याच्या पोळांतून होती, ती विरत गेली. या घरांतील मुले दिवसा हिंदीत किंवा गुजरातीत शिकत. संध्याकाळी मात्र त्यांची संख्या मराठीत होई. मनातल्या मनात बेरीज करताना माणूस ज्या भाषेत ओठ हलवतो ती त्याची भाषा, असे म्हटले तर वावगे होणार नाही. परवचा गेल्याने पाढे गेले, आणि काही घरांतून ओठ हलवण्याची भाषाही हळूच बदलली.

संख्येच्या भाषेचा हा प्रश्न २०१९ मध्ये पुन्हा ऐरणीवर आला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, त्रेसष्ट या रूपांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत देण्यात आली. त्यावर वर्तमानपत्रांतून आणि विधानसभेतूनही मोठी टीका झाली. मराठी मोडली असे अनेकांना वाटले. गणित-समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी कारण सांगितले ते असे : मूल ‘एकवीस’ ऐकते तेव्हा आधी एक ऐकते आणि लिहिते मात्र आधी दोन; शिवाय त्र्याहत्तर, अठ्ठ्याण्णव यांतील जोडाक्षरे कोवळ्या जिभेला जड जातात. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. नवी रीत पायरी म्हणून दिली होती.

बेळगाव आणि हैदराबादच्या श्रोत्यांना या वादाचे फारसे नवल वाटू नये. शेजारचे कानडी मूल एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणते. त्यात वीस आधी आणि एक मागून. तेलुगू मुलाचे ‘इरवै ओकटि’ तसेच. गोव्यात पोर्तुगीजही तसेच मोजत. इंदूर आणि बडोद्याच्या शेजाऱ्यांचे ‘इक्कीस’ व ‘एकवीस’ मात्र आपल्याच जातीचे. नॉर्वे देशाने तर १९५१ मध्ये अधिकृत निर्णय करून एककाआधी दशक बोलण्याची रीत शाळांतून आणली. तरी जुनी रीत तेथील लोकांच्या तोंडून पुरती गेली नाही. भाषेतील संख्या हुकमाने बदलत नाहीत; परंतु मुलाला पायरी लागत असेल तर ती देण्याने भाषा मोडतही नाही. बियांच्या दोन राशी आणि एक सुटी बी पुढे ठेवून ‘वीस आणि एक, म्हणून एकवीस’ असे ज्याने एकदा सांगितले, त्याच्या मुलाला दोन्ही रूपे आपली वाटतात.

मग आज आपण कोठे उभे आहोत? शाळेत जवळजवळ प्रत्येक मूल आहे. जोतीरावांच्या मागणीचा पहिला अर्धा भाग पुरा झाला, ही सामान्य गोष्ट नव्हे. दुसरा अर्धा भाग मात्र बाकी आहे. ‘असर’ या नावाने होणाऱ्या पाहणीत २०२४ मध्ये असे आढळले की, ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणारी मुले सुमारे तीस टक्के आहेत. आणि २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती संशोधकांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अधिक अंतर्मुख करणारा आहे. दिल्ली आणि कोलकाता येथील बाजारांत भाजीपाला विकणारी मुले गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी आणि बिनचूक करतात. पण तसलेच गणित शाळेच्या रीतीने कागदावर दिले की अडतात. उलट बाजारात काम न करणारी शाळकरी मुले कागदावरचे करतात आणि बाजारातले सोपे गणित त्यांना सुटत नाही. एकाच शहरात दोन गणिते नांदत आहेत, आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

हा निष्कर्ष वाचला आणि मला गेरसप्प्याच्या घाटावरील ती ओसरी आठवली. पंतोजींच्या शाळेत बाजार आणि पाटी यांची ताटातूट झालेली नव्हती. तेथे उणीव होती ती दोन गोष्टींची : समज नव्हती, आणि समता नव्हती. त्या दोन्हींसाठी आपण दोनशे वर्षे खटपट केली, ती योग्यच केली. पण त्या खटपटीत पाटीचा बाजाराशी असलेला धागा तुटला. जे मूल कोथिंबिरीच्या जुड्यांचा हिशेब क्षणात करते, त्याला आपण वर्गात ‘तुला गणित येत नाही’ असे सांगतो, तेव्हा खोटे बोलतो आपणच.

पावकी आणि औटकी परत आणा असे मी म्हणणार नाही. ज्या नाण्यांसाठी त्या होत्या ती नाणीच उरली नाहीत. परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच हे शब्द अजून आपल्या तोंडात जिवंत आहेत. पावणेचारला गाडी सुटते, दीड किलो साखर येते, अडीचशे ग्रॅम चहा आणतात. इंग्रजीत ज्याला तीन-चार शब्द लागतात, ते मराठी मूल एका शब्दात बोलते. अपूर्णांकाची एवढी तयार शिदोरी फार थोड्या भाषांपाशी असेल. ती वर्गात उघडावी, एवढेच मागणे आहे. प्राथमिक शिक्षकांनी महिन्यातून एकदा फळ्याऐवजी बाजाराचे बिल पुढे ठेवावे. आईबापांनी मुलाला दुकानात नेऊन सुटे पैसे त्याच्या हाताने मोजून घ्यावेत, आणि उत्तर आले की ‘कसे काढलेस?’ असे विचारावे. फोनवर पैसे चुकते होऊ लागल्यापासून मुलांच्या हातातून नाणीही गेली आहेत; म्हणून हे मुद्दाम करावे लागेल.

आणि पाढेही म्हणावेत. सुरात म्हणावेत, चौघांनी मिळून म्हणावेत. समजून केलेले पाठांतर हे समजुतीचे शत्रू नसते. ते तिचे वाहन असते. फक्त ओसरीवर या खेपेला सगळी मुले असावीत, आणि ‘का’ विचारणाऱ्यासाठी तेथे छडीऐवजी मूठभर बिया ठेवलेल्या असाव्यात. ज्याचा हिशेब त्याला स्वतःला करता येतो त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही. प्राथमिक शाळेतील गणिताचे प्रयोजन पूर्वीही हेच होते आणि आजही हेच आहे.